कुंदाकाकूंचं सुतक

सोमवारी सकाळी पावणेआठला कुंदाकाकूंच्या दाराबाहेर एकही चप्पल नव्हती. रोज त्या वेळेला तिथे नऊ पोरांच्या चपला पसरलेल्या असतात, त्यात आमच्या अनयची एक कायम उलटी. अनय माझ्या कडेवर होता, एका खांद्याला त्याची पिशवी, दुसऱ्या खांद्याला माझी, आणि मेट्रोचं कार्ड दातांत धरलेलं. बेल वाजवली. परत वाजवली. तिसऱ्या वेळी बोट बेलवरून काढलंच नाही.

दार अर्धंच उघडलं. काकू केस न विंचरता, घरातल्या जुन्या साडीत उभ्या होत्या. अनयने सवयीप्रमाणे छाती पुढे काढून सांगितलं, "अनय नितेश परब." काकूंनी दिवाळीपासून हा नियमच केला होता, दारात आलेल्या पोराने आधी आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं. आम्हा सगळ्यांना त्याचं कौतुक होतं.

"मानसी, आज नाही गं घेता येणार," काकू म्हणाल्या. "गावाला आमचे धोंडिराम भावजी वारले. काल फोन आला. सुतक आहे."

"किती दिवस?"

माणूस गेल्याचं कळल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा नसतो, एवढी अक्कल मला आहे. पण सात बावन्न झाले होते आणि मला साडेआठला चकाल्याला खुर्चीत बसायचं होतं.

"तेरा," काकू म्हणाल्या.

आता हे तेरा दिवस म्हणजे माझ्यासाठी काय ते सांगते. मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या फोनवर बसते. कोणाचं रक्त घ्यायला माणूस कधी पाठवायचा, कोणाचा रिपोर्ट कुठे अडकला, दिवसभर हेच. सहा महिन्यांचं प्रोबेशन, त्यातले पाच महिने आणि वर तीन आठवडे झालेले. येत्या शनिवारी मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. माझ्या रजा कधीच संपल्या होत्या आणि आमच्या नंदकिशोर सरांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं की आता आणखी एक दिवस जरी चुकला तरी ते नाव पुढे पाठवणार नाहीत. ही नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत आम्ही नितेशच्या एका पगारावर, आणि दुसरी मिळाली तरी परत सहा महिने हेच. अनय झाल्यावर मी दोन वर्षं घरी होते. परत घरी बसायच्या विचाराने मला धाप लागते, खोटं कशाला बोलू.

तुम्ही म्हणाल, दुसरं पाळणाघर बघ. बघून झालंय. एक आहे खाली रस्त्याला, भिंतीवर कार्टून, दारात कॅमेरा, फी ऐकून मी नितेशला सांगितलंच नाही, उगाच त्याला वाईट वाटायचं. एक आहे चाळीतलं, तिथे पंधरा पोरं टीव्हीसमोर बसवलेली, बाई फोनवर. अंगणवाडी चांगली आहे, ताई मनापासून करतात, पण ती दुपारी सुटते. दुपारी मी काय करू, लॅबला सांगू की पोराला आणायला जाते, तोवर तुमचं रक्त थांबवा? राहता राहिल्या कुंदाकाकू. असल्फ्याला आमच्यापासून पाच मिनिटांवर, पुनर्वसनाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. एकोणीस वर्षं हेच करतायत. गरम वरणभात घालतात, राजमा आणि चवळी एकत्र करून पोरांना वेगळी करायला बसवतात, जिन्याच्या पायऱ्यांवर आकडे शिकवतात. अनय सतरापर्यंत मोजतो ते माझ्यामुळे नाही.

"काकू, मी सुतकबितक काही मानत नाही," मी म्हटलं. "त्याचा डबा घरून देते. पाणीसुद्धा देते. तुम्ही फक्त त्याला घ्या."

"तू मानत नाहीस. तुझ्या सासूबाई?"

सासूबाईंचे सोवळ्याओवळ्याचे किस्से काकूंना रंगवून रंगवून मीच सांगितले होते.

"आणि एकट्या तुझ्या पोराला घेतलं तर बाकीच्या काय म्हणतील?" काकू पुढे म्हणाल्या. "नऊच्या नऊ घरांनी हो म्हटलं तर बघू. एका घराने जरी नको म्हटलं तर मी दार उघडणार नाही. उद्या कोणाच्या पोराला साधी शिंक आली तरी म्हणतील, काकूंनी सुतकातलं खायला घातलं."

त्यांनी हे विषय मिटवायला म्हटलं होतं. मी ते काम म्हणून घेतलं. माझा स्वभावच तसा मेला, कोणी दार लावलं की मला कडी दिसते.

तो सोमवार कसाबसा निभावला. नितेश विमानतळावर कार्गोत आहे, त्याची नाइट संपून तो सव्वाआठला घरी आला. बुटाची नाडी सोडायच्या आत मी अनयला त्याच्या मांडीवर ठेवला.

"अगं, मी झोपलो नाहीये," तो म्हणाला.

"मी पण नाही बसलेय सकाळपासून. काकूंकडे सुतक आहे. आजचा दिवस तू बघ."

"आणि उद्या? उद्यापासून माझी सकाळची आहे."

"उद्याचं मी बघते."

"कसं बघणार?"

"नितेश, तू झोप," मी म्हटलं आणि निघाले. तो झोपणार कसा होता, पोर छातीवर बसलेलं. पण ते मला मेट्रोत सुचलं, तेव्हा फार वाईट वाटलं.

खुर्चीत पोचले तेव्हा आठ पन्नास झाले होते. नंदकिशोर सरांनी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. हा माणूस ओरडत नाही हाच त्याचा त्रास आहे. ओरडला तर निदान मला उत्तर तरी देता येईल.

पाळणाघरातल्या आयांचा आमचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. तिथे काकूंनी एकीकडून रात्रीच निरोप टाकला होता, तो मी बघितलाच नव्हता, आणि सकाळपासून नुसते हात जोडलेले. "काकू, काळजी घ्या." "भावपूर्ण श्रद्धांजली." आठ घरं, आठ श्रद्धांजल्या. धोंडिराम भावजींना यातल्या एकीने तरी बघितलं होतं का? मनात प्रत्येकीच्या एकच, आता माझ्या पोराचं काय. पण तेवढं कोणी लिहीत नव्हतं. मी चहाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन एकेकीला फोन लावायला सुरुवात केली.

पहिली गंधाली. ती बँकेत आहे, तिची मुलगी सव्वातीन वर्षांची. शिकलेलं, सुधारलेलं घर, दिवाणखान्यात पुस्तकांचं कपाट.

"अगं, आम्ही असलं काही मानतच नाही," ती म्हणाली. "माझी तर आजची मीटिंग गेली. पण काकूंना नको असेल ना. त्यांच्या भावना आहेत. शिवाय तुमच्या कोकणातल्या लोकांत फार कडक असतं म्हणे."

"काकूंना वाटतंय तुमच्याच घरांना चालणार नाही. तुझ्या सासूबाईंना चालेल का, विचार."

"त्यांना काय, त्या अमेरिकेत आहेत मुलीकडे."

"मग तुझा होकार धरू?"

"धर की. पण बाकीच्यांचं बघ."

दुसरा सुबोध. ग्रुपमध्ये तो एकटा बाप आहे, बायको दुबईला नर्स आहे म्हणून पोराचं सगळं तोच बघतो. तो म्हणाला, "वहिनी, मी पोराला घेऊन दुकानात बसलोय. त्याने गिऱ्हाइकाच्या चष्म्याला टूथपेस्ट लावली. मला काही प्रॉब्लेम नाही, यार, पण त्या बँकेवाल्या मॅडमला चालणार नाही."

"तिला चालतंय."

"काय सांगता? मग वसुधाताईंना?"

वसुधा पवईला एका ऑफिसात साफसफाईला आहे. तिच्या मुलीचं नाव रतन, आजीचं ठेवलेलं, अडीच वर्षांची आहे आणि दिसेल त्याचा पापा घेते. वसुधाने फोन उचलला तेव्हा मागून झाडूचा आवाज येत होता.

"रतनला शेजारणीकडे ठेवलंय आज," ती म्हणाली. "ती उद्या नाही ठेवणार, तिला पण भाकऱ्या करायला जायचंय लोकांकडे. मला कसलं सुतक गं? माझा खाडा झाला की दिवस बुडाला. मी तेरा दिवस नाही गेले तर माझ्या जागेवर दुसरी उभी करतील. पण तुम्हा लोकांत चालत नाही म्हणून मी गप्प बसले."

मला हसावं की रडावं कळेना. पाच फोन झाले, सहा झाले, प्रत्येक घरात हेच. आम्हाला चालतं हो, पण दुसऱ्यांना चालणार नाही. जिला चालत नाही अशी एकही बाई सापडेना. आम्ही नऊ घरं एकमेकांचं सुतक पाळत बसलो होतो.

उरलं आमचंच घर. सासूबाई कुडाळजवळ गावाला असतात. अनयच्या पहिल्या वर्षी चार महिने येऊन राहिल्या होत्या, मग सासऱ्यांचा पाय मोडला आणि त्यांना परत जावं लागलं. या बाईने एकदा माझ्या हातून दिवाबत्ती राहिली म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मी त्यांना फोन लावला. मी सगळं एका दमात सांगितलं आणि थांबले.

"अगो, ल्हान पोरांका कसला सुतक?" सासूबाई म्हणाल्या. "तेंका भूक लागता ती काय सुतक बघून लागता? खुशाल ठेव. आणि गो, तुया जेवलंस?"

मी जेवले, म्हटलं. खोटंच. मग खरंच डबा उघडला आणि उभ्या उभ्या अर्धी पोळी खाल्ली. इतकी हलकी मी कित्येक दिवसांत झाले नव्हते. चार वाजेपर्यंत ग्रुपवर नऊच्या नऊ होकार लेखी आले. मीच तसं सांगितलं होतं, काकूंना दाखवायला हवेत म्हणून. गंधालीने तर माझ्यासाठी टाळ्यांचं चित्रही टाकलं. मानसी, तू आहेस म्हणून, वगैरे. मला झकास वाटलं, कबूल करते. मेट्रोत मला बसायला जागा मिळाली तरी मी बसले नाही, दारापाशी उभी राहिले, स्टेशन लवकर यावं म्हणून.

साडेसातला काकूंच्या घरी पोचले. आत एकच दिवा होता. पोरांच्या चटया भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि ती खोली पोरांशिवाय फारच लहान दिसत होती. मी आत शिरून फोन त्यांच्यासमोर धरला.

"बघा. नऊच्या नऊ. उद्या आठला उघडा."

काकूंनी फोनकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण फोनच्या थोडं बाजूला. "वाचून दाखव," म्हणाल्या.

मी वाचलं. एकेक नाव, एकेक होकार, सासूबाईंचंसुद्धा, मालवणीत, नक्कल करून. वाटलं हसतील. काकू चटयांच्या ढिगाला टेकून हळूहळू खाली बसल्या.

"कशाला केलंस गं हे?" त्या म्हणाल्या.

"कशाला म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, नऊ घरं..."

"मला वाटलं एक तरी नको म्हणेल. एकोणीस वर्षांत कधी कोणी सुतकाला हो म्हटलं नाही." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ते कपाटावरचं पाकीट घे."

पाकिटात महापालिकेच्या दवाखान्याचा केसपेपर होता. वरती काकूंचं नाव, खाली डावा डोळा, मोतीबिंदू, आणि बुधवारची तारीख. परवाची.

"पाच महिने तारखेसाठी फेऱ्या मारल्या," काकू म्हणाल्या. "दर वेळी काही ना काही. आता मिळाली. डॉक्टर म्हणतात, नंतर दोन आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. मी विचार करत होते तुम्हाला काय सांगू. तेवढ्यात गावाहून फोन आला. खरंच वारले गं भावजी, एक्याण्णव वर्षांचे होते. पण फोन ठेवल्यावर पहिलं मनात आलं की चला, सुट्टी मिळाली. मग माझीच मला लाज वाटली."

मी केसपेपर परत परत वाचत होते. डावा डोळा. दिवाळीपासून.

"म्हणून ते नाव सांगायचं," मी म्हटलं. "दारात आलं की पूर्ण नाव."

"दारात उजेड मागून येतो ना. तोंडं दिसत नव्हती."

माझं डोकं फिरलं. मी खरंच फार बोलले. माझं पोर तुमच्या भरवशावर टाकून जाते मी, म्हटलं, आणि तुम्हाला तोंडं दिसत नव्हती? स्वयंपाकघरात गॅस आहे, खाली जिना आहे, नऊ पोरं आहेत. पाच महिने? एका शब्दाने सांगितलं नाहीत? काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये फक्त एकदा म्हणाल्या की उजव्याने चांगलं दिसतं, आणि दिवाळीपासून त्यांनी गॅस पोरं यायच्या आधीच बंद करायला सुरुवात केली होती, पहाटे चारला उठून.

"सांगायला हवं होतं," मी परत म्हटलं.

"मागे गुडघ्याचं सांगितलं होतं. आठ दिवस पाय वर घेऊन बसायला सांगितलंय म्हटलं, तर दोघी जणी त्याच आठवड्यात पोरं घेऊन गेल्या. बरोबर केलं त्यांनी, त्यांना कामावर जायचं होतं. डोळ्याचं सांगितलं तर किती राहतील? मी आई असते तर मी ठेवलं नसतं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा बंद ठेवलं, दीर गेले तेव्हा, आणि आमचे गेले तेव्हा. एकोणीस वर्षांत तेवढ्याच सुट्ट्या. आमच्या यांच्या चौदाव्या दिवशी सकाळी आठला तुम्ही सगळ्या दारात होता. तेव्हा तू नव्हतीस, दुसऱ्या होत्या. कोणी कुरकुर केली नव्हती गं त्या तेरा दिवसांची. मेलेल्या माणसाशी कोण भांडतं?"

मी भांडले होते. दिवसभर, जिन्यात उभी राहून, नऊ घरांशी. आणि जिंकले होते.

"उद्या आण अनयला," काकू म्हणाल्या आणि हात टेकून उठल्या. "आता सगळ्यांनी हो म्हटल्यावर मी काय कारण देऊ? तारीख पुढची घेईन. एवढे महिने गेले, आणखी जातील."

त्या खरंच असं म्हणाल्या, आणि मला एक क्षण बरं वाटलं. हे लिहिताना माझे कान तापतात, पण वाटलं. शनिवारपर्यंत फक्त, असं मनात आलं. मग काकू मोरीच्या दिशेने गेल्या आणि जाताना त्यांनी चौकट हाताने चाचपली, स्वतःच्या घराची, जिथे त्या एवढी वर्षं राहतात. डाव्या बाजूची.

"काकू, बुधवारी जा तुम्ही," मी म्हटलं. "सोबत कोण आहे?"

"भाची येणारे बोरिवलीहून. पण अगं, बाकीच्या..."

"बाकीच्यांचं मी बघते," मी म्हटलं. सकाळी नितेशला म्हटलं होतं तसंच, तितकंच काही न सुचता.

खाली येऊन मी इमारतीच्या जिन्यात उभी राहिले आणि ग्रुपवर लिहिलं. "सॉरी, सगळ्यांना. माझ्या सासूबाईंनी आता फोन करून नाही म्हटलं. सुतकाच्या घरात पोर ठेवायचं नाही म्हणतात. काकूंची अट होती की सगळ्या घरांचा होकार हवा. त्यामुळे तेरा दिवस बंदच राहील. माझी चूक झाली."

बिचाऱ्या सासूबाई. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूने उभ्या राहिल्या आणि मी त्यांनाच पुढे केलं. गंधालीचं उत्तर मिनिटात आलं. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. आपणच असं वागलो तर मुलं काय शिकणार?" सुबोधने नुसतं "वाट लागली" लिहिलं. वसुधाने काहीच लिहिलं नाही, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. खरं सांगायला बोट शिवशिवत होतं. पण काकूंच्या डोळ्याचं गंधालीला कळलं असतं तर तिने मुलगी आजच काढून घेतली असती आणि तिची काही चूक नसती. मीही अनयला काढून घ्यायला हवं होतं. काढून कुठे नेणार होते?

मग सरांना फोन लावला. उद्या सकाळी तोंडावर सांगण्यापेक्षा आत्ताच सांगावं म्हटलं. मी ठरवलं होतं, सरळ खरं बोलायचं.

"सर, मला दोन आठवडे रजा हवीय. बिनपगारी. पाळणाघर बंद आहे, मुलाला ठेवायला कोणी नाही."

पलीकडे त्यांचा तो न ओरडणारा आवाज.

"मानसी, मागच्या महिन्यात तुम्ही मुलाच्या तापाला दीड दिवस घेतलात. त्याच्या आधी लसीला अर्धा. मी समजून घेतलं. आज वीस मिनिटं उशीर. आम्हालाही मुलं होती हो. आमच्या मिसेसनी नोकरी सोडली, काही बिघडलं नाही. तुम्हाला घर सांभाळायचं असेल तर सांभाळा, त्यात कमीपणा नाही. पण मग मी शनिवारी तुमचं नाव पाठवू शकत नाही. उद्या यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

मी काही ठरवलं नाही. ते तोंडातून आपोआप आलं.

"सर, सुतक पण आहे."

"काय?"

"सुतक. घरात मयत झालंय. गावाला."

"अरे अरे." त्यांचा आवाज बदललाच. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, बहुतेक उठून उभे राहिले. "कोण गेलं?"

"चुलत सासरे. धोंडिराम."

"वय?"

"एक्याण्णव."

"सोनं झालं हो. पण माणूस तो माणूस. मग आज आलातच कशाला तुम्ही कामाला? आधी हे सांगायचं सोडून मुलाचं काय सांगत बसलात? अशा वेळी ऑफिस बघायचं नसतं. तेरा दिवस ना? घ्या. मयताची रजा मी प्रोबेशनमध्ये धरत नाही. शनिवारचं माझ्यावर सोडा, नाव मी पाठवतो. घरच्यांना सांभाळा."

मी थँक यू सर म्हटलं. त्यांनी हळू आवाजात पुन्हा एकदा वाईट झालं असं म्हटलं आणि फोन ठेवला. वाईट माणूस नाहीये तो. मनापासून बोलला.

मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू आलं, रागाने. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. माझं पोर जिवंत आहे, खातंपितं, पळतं, सतरापर्यंत मोजतं, म्हणून त्याच्यासाठी मला एक दिवस मिळत नव्हता. आणि एका परक्या म्हाताऱ्यासाठी, ज्याचं तोंड मी पाहिलं नाही, तेरा दिवस मिळाले, वर सहानुभूती. एक बाई भाजी घेऊन वर चालली होती, ती थांबून बघायला लागली. मी नाक पुसलं आणि तिला जायला जागा दिली.

मग वसुधाला फोन लावला. तिने उचलायला वेळ लावला.

"रतनला उद्या माझ्याकडे आणून सोड," मी म्हटलं. "तेरा दिवस. मी घरी आहे."

"तू घरी कशी? तुझं ऑफिस?"

"रजा दिली."

"कसली?"

"सुतकाची."

"म्हणजे?" वसुधा म्हणाली. "तुझं कोण गेलं गं?"

"माझं कोणी नाही गेलं. पोरासाठी मागितली तर देत नव्हते."

वसुधाच्या मागे रतन कोणाचा तरी पापा घेत होती, तसा आवाज येत होता.

"दुपारी तिला गूळ घालून पोळीचा लाडू लागतो," वसुधा म्हणाली. "जमेल ना तुला?"